वडे कुणाच्या घरचे?

मुंबईत ‘वडा’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बटाटेवडा येतो. उडपी हॉटेलात बसलेल्या माणसाला मेदूवडा आठवतो. आमच्या कोकणात, विशेषतः राजापूरच्या खाली सावंतवाडीपर्यंत, नुसतं ‘वडे’ म्हटलं की तिसरीच वस्तू समजली जाते. तांदळाच्या भरड पिठात थोडी उडदाची आणि चण्याची डाळ, धणे, मेथी असं मिसळून, हातानं थापून तळलेले तांबूस वडे. शहरातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर त्यांच्यामागे ‘कोंबडी’ लागली आणि ‘कोंबडी-वडे’ हा जोडशब्द सगळीकडे पोचला. पण गावातल्या वड्यांचं कोंबडीवाचून काही अडत नाही. ते काळ्या वाटाण्यांच्या उसळीबरोबर खातात, खिरीबरोबर खातात, आणि सकाळी नुसत्या चहाबरोबरही खातात. मला आज सांगायचं आहे ते या सकाळच्या वड्यांविषयी.

कोकणातली सकाळ ही तांदळाची सकाळ आहे. पेज तांदळाची, घावणे तांदळाचे, आंबोळी तांदळाची, शिरवाळे तांदळाचे, आणि भाकरीसुद्धा तांदळाचीच. याचं कारण आवडनिवड नाही, पाऊस आहे. आमच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या चिखलात भात उभा राहतो. गहू उभा राहत नाही. गहू आमच्याकडे दुकानातून आला, आणि बऱ्याच घरांत तो रेशनच्या दुकानातून आला. त्यामुळे देशावर सणाच्या दिवशी ज्या जागी गव्हाची पुरी असते, त्या जागी आमच्याकडे तांदळाचा वडा आला. तळणीचं जे काही करायचं, ते जे शेतात पिकतं त्याचंच करायचं, इतका साधा हिशोब त्यामागे आहे.

मात्र वडे हे रोजचं खाणं कधीच नव्हतं. तेल महाग होतं. माझ्या लहानपणी तेलाची बाटली फळीवर उंच ठेवलेली असे आणि फोडणीला ते मोजून पळीभर पडे. कढईभर तेल चुलीवर चढलं म्हणजे घरात काहीतरी कारण आहे, हे गल्लीतल्या मांजरालाही कळत असे. मुंबईचा माणूस गावी आला, मुलगी माहेरी आली, लग्न ठरलं, सण आला, तरच वडे व्हायचे. आणि एकदा घाणा लागला की दहावीस वडे करून कोणी थांबत नाही, परातभर होतात. दुपारी जेवणात जे संपले नाहीत ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर. खरं सांगतो, शिळा वडा ताज्यापेक्षा मला अधिक प्रिय आहे. तो किंचित चिवट होतो, मेथीचा कडूपणा थोडा वर येतो, आणि चहात बुडवला की एवढा मऊ होतो की दात पडलेल्या म्हाताऱ्यालाही चालतो. कोकणातल्या अनेक घरांत वडे ‘न्याहारी’ झाले ते असे, उरलेले म्हणून.

शब्द जुना आहे. संस्कृतात ‘वटक’, त्याचा प्राकृतातून येता येता ‘वडा’ झाला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ आहे. राजानं काय काय उपभोगावं याची त्यात सविस्तर वर्णनं आहेत आणि त्यातल्या जेवणाच्या भागात वटकही आहेत. ते उडदाचे. आमच्या तांदळाच्या वड्यात उडीद अजून आहे, पण पाव हिश्शानं. दरबारात त्याला पहिला पाट होता. कोकणात येईपर्यंत तो तांदळाला सरकून जागा देऊन बसला, असं म्हणायला हरकत नाही. मालवणीत या वड्याला ‘वडो’ म्हणतात.

आता थोडं अवघड बोलतो. काही वर्षांपूर्वी एका साहित्यिक कार्यक्रमानंतर जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक सुशिक्षित, सज्जन गृहस्थ बसले होते. माझी कविता त्यांना आवडली होती. ताटात वडे आले तेव्हा मी म्हटलं, “पीठ बारीक दळलंय, आमच्या घरी एवढं बारीक दळत नाहीत.” ते थांबले आणि अगदी निर्मळ मनानं त्यांनी विचारलं, “तुमच्यातही वडे करतात?” त्याआधी दहा मिनिटं त्यांनी मला, “तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?” असंही विचारलं होतं. दोन्ही प्रश्नांत वाईट हेतू नव्हता. पण दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत होती, की या वस्तू कुणाच्या तरी मालकीच्या आहेत आणि मी त्या पाहुणा म्हणून वापरतो आहे. अशा वेळी रागावून काही साधत नाही. वड्याचं पीठ कसं होतं ते सांगितलं की उत्तर आपोआप मिळतं. ते मी त्यांना सांगितलं, तेच इथं सांगतो.

आमच्या घरचं माप असं. चार शेर जाडा तांदूळ, शेरभर उडदाची डाळ, त्याच्या निम्मी चण्याची डाळ. मग मूठभर धणे, त्याहून कमी बडीशेप, थोडं जिरं, चमचा-दोन चमचे मेथी, आठदहा काळी मिरी. काही घरांत यात मूठभर गहू किंवा ज्वारी पडते. तांदूळ सुरय घ्यायचा, म्हणजे उकडा नव्हे. तो धुऊन सावलीत सुकवायचा. डाळी, धणे, मेथी हलक्या हातानं भाजून घ्यायच्या. आणि गिरणीवर सांगायचं, ‘जाडसर दे.’ बोटांत घेतलं तर रवाळ लागलं पाहिजे. बासमतीसारखा सुवासिक तांदूळ इथं वाया जातो. धण्या-मेथीपुढे त्याचा वास टिकत नाही. वड्याला गावचा जाडा, जमला तर तांबडा तांदूळ लागतो.

यातली प्रत्येक गोष्ट काही काम करते. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यात ग्लुटेन नावाचं प्रथिनांचं जाळं तयार होतं. त्यामुळे कणीक ताणली जाते, लाटली जाते. तांदळात ते नाही. तांदळाचं पीठ गार पाण्यात मळलं तर ते वाळूसारखं सुटतं. म्हणून वड्याचं पीठ कडकडीत गरम पाण्यात भिजवतात. साधारण ७० अंशांच्या आसपास तांदळातला पिष्टमय पदार्थ पाणी शोषून फुगतो आणि चिकट होतो. पीठ एकमेकाला धरतं. उरलेली कामगिरी उडीद आणि मेथी करतात. दोन्हींत भिजल्यावर बुळबुळीतपणा येतो, तोच इथं उपयोगी पडतो. चण्याच्या डाळीनं खुसखुशीतपणा आणि रंग येतो. आहाराच्या दृष्टीनंही ही जोडी शहाणपणाची आहे. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत ते भरपूर असतं. आमच्या आज्यांना लायसिन ठाऊक नव्हतं, पण नुसत्या तांदळानं अंगात ताकद राहत नाही एवढं ठाऊक होतं.

भिजवलेलं पीठ पाच-सहा तास, थंडीत रात्रभर झाकून ठेवतात. आमची दादी पिठाच्या गोळ्यात मधोमध खळगा करून त्यात एक पेटता निखारा ठेवायची, वर चमचाभर तेल सोडायची आणि भांडं झाकायची. त्याची ऊब धरून पीठ लवकर येतं, असं ती म्हणे. आंबवणारे जंतू उबेत वेगानं वाढतात, हे विज्ञानही सांगतं. फार आंबट होऊ द्यायचं नाही. पीठ हलकं झालं, वास बदलला की पुरे.

मग थापणं. केळीच्या पानाचा तुकडा घ्यायचा, त्याला पाण्याचा किंवा तेलाचा हात लावायचा, लिंबाएवढा गोळा ठेवायचा आणि बोटांनी फिरवत फिरवत थापायचा. आता पानाच्या जागी दुधाची धुतलेली पिशवी आली. काही घरांत मधोमध बोटानं भोक पाडतात. त्यातून तेल मध्यापर्यंत पोचतं आणि वडा सगळीकडून सारखा तळला जातो. भोक न पाडलेला वडा फुगतो. त्याचं कारण असं, की तेल साधारण १८० अंशांवर असतं. वडा त्यात पडताक्षणी बाहेरचा थर कडक होतो, आतल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. बाहेर जायला वाट नसली की ती दोन थर अलग करते. पण वडा जाड-पातळ थापला गेला असेल, कड फाटली असेल, तर वाफ तिथून निसटते आणि वडा तसाच पडून राहतो. आमच्या शेजारच्या काकी, आईला वडे थापायला मदत करताना, आम्हा पोरींपोरांकडे बघून म्हणायच्या, “पीठ सैल झाला तर वडो तेल पितलो.” हेही खरं आहे. पिठात पाणी जास्त झालं की ते बाहेर पडताना जागा सोडतं आणि त्या जागेत तेल शिरतं.

या काकी हिंदू होत्या, आम्ही मुसलमान. हे मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा ते मुद्दाम सांगायची गरज कोणाला वाटत नव्हती. परात आमची, पोळपाट त्यांचा, कढई ज्या घरची मोठी त्या घरची.

आणि गिरण तर सगळ्यांची एकच. गावातल्या गिरणीत डबे ओळीनं लागलेले असत. ज्यांनी दळण आणलं आहे त्यांना एक गोष्ट माहीत असते: जात्याच्या दगडांत आणि पिठाच्या पिशवीत आधीच्याचं थोडं पीठ अडकून राहतं, ते पुढच्याच्या डब्यात पडतं. पुढच्याचं त्याच्या पुढच्याच्या. म्हणून गिरणवाला वड्यांची दळणं एकापाठोपाठ एक घेतो. मधे नाचणी आली तर रंग बिघडतो. गौरी-गणपतीच्या आधी दोन दिवस हे असं दळण चाले. आमचा डबा त्या ओळीत असायचा. आमच्या डब्यात पुढच्या घरचं मूठभर पीठ, मागच्या घरच्या डब्यात आमचं मूठभर. पंगतीतल्या त्या गृहस्थांना मी म्हटलं, “वडे कुणाचे हे ठरवायचं असेल तर आधी ते पीठ निवडून वेगळं करावं लागेल.” ते हसले. मग त्यांनी त्यांच्या आईच्या पिठाचं माप मला सांगितलं. त्यांच्याकडे उडीद जास्त होता.

वडे जरी एक असले तरी त्यांचे प्रसंग वेगळे, आणि हे वेगळेपणही समजून घेण्यासारखं आहे. भाद्रपदात गौरी येतात. कोकणातल्या काही समाजांत गौरीला तिखटा नैवेद्य असतो, त्यात वडे आणि सागोती. त्यानंतरच्या पंधरवड्यात म्हाळ येतात. तेव्हा वडे, खीर, काळ्या वाटाण्यांची उसळ असं पान वाढून कावळ्याला ठेवतात. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्या पानावर आठवणीनं ठेवलं जातं. आषाढ संपताना, श्रावण लागायच्या आधी, पुन्हा कोंबडी आणि वडे. आमच्या घरी लग्नाच्या आदल्या सकाळी पाहुण्यांना वडे, आणि आजोबांच्या फातेह्याला वडे. फातेह्याला वडेच हवेत असं कुठं लिहिलेलं नाही. आजोबांना आवडत, एवढंच कारण. त्या दिवशी आई पहिला घाणा बाजूला काढून ठेवायची आणि दुआ झाल्याशिवाय आम्हाला हात लावू द्यायची नाही. शेजारच्या घरी कावळा शिवेपर्यंत पोरं ताटकळत, आमच्याकडे दुआ होईपर्यंत. भुकेल्या पोरांना दोन्हींतला फरक फारसा जाणवत नसे.

१९९३ च्या जानेवारीत मुंबईतल्या दंगलींनंतर आमचे बरेच नातेवाईक मिळेल त्या गाडीनं गावी आले. घरात एकदम वीसेक माणसं झाली. कोणी फार बोलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकींनी टोपलीभर वडे पाठवले, वर फडकं झाकून. निरोप काही नव्हता. आईनं ते वाढले, सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ले. मुंबईहून आलेल्या एका मावशींनी त्या तीन दिवसांत पहिल्यांदा काही खाल्लं, ते हे वडे. मला या गोष्टीचा मोठा अर्थ काढायचा नाही. त्याच गावात त्या महिन्यात आमच्याशी बोलणं टाळणारीही माणसं होती. पण वडे पहाटे उठून थापावे लागतात, आदल्या रात्री पीठ भिजवावं लागतं. म्हणजे ते आदल्या रात्रीच ठरवावं लागतं. एवढं मला दिसतं.

वडे टिकतात, म्हणून ते प्रवासाला निघाले. तळताना वरचं पाणी निघून जातं, त्यामुळे ते दोन दिवस सहज राहतात. मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत आधी बोटीतून, मग एसटीतून वडे गेले. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. तेव्हापासून ते रेल्वेतूनही जातात. मुंबईत गिरणगावातल्या खोल्यांमधून ते खानावळीत आले, तिथून हॉटेलांच्या पाटीवर. मुंबई-गोवा रस्त्यावर आज दर थोड्या अंतरावर ती पाटी दिसते. वड्याचं तयार पीठ पुडक्यात मिळतं. हे चांगलंच झालं. शहरातल्या दोन खोल्यांत तांदूळ कुठं सुकवणार?

मात्र पाटीखाली जे मिळतं ते नेहमी वडे असतंच असं नाही. पुष्कळ ठिकाणी कणकेत किंवा मैद्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून, यंत्रावर दाबून पुऱ्या काढतात आणि त्यांना वडे म्हणतात. ओळखायचं सोपं आहे. खरा वडा तोडताना पुरीसारखा ताणला जात नाही, तुटतो. जिभेला रवाळ लागतो. कडेला बोटांचे ठसे असतात, तो अगदी गोल नसतो. आणि शेवटच्या घासाला मेथीची अंधुक कडू चव मागं राहते. ती नसेल तर ज्यानं पीठ केलं त्यानं काटकसर केली आहे असं समजावं.

आणखी एक गोष्ट, जी वड्यांचं कौतुक करताना राहून जाते. गरम वडा खातो तो बसलेला माणूस. थापणारी आणि तळणारी बाई चुलीपाशी असते, आणि तिच्या वाट्याला येतो तो शेवटचा, गार, बहुधा न फुगलेला. माझ्या आईनं आयुष्यात किती वडे थापले असतील याचा हिशोब नाही. तिला कढईतून थेट ताटात पडलेला वडा खाताना मी क्वचितच पाहिलं. आता माझ्या घरी मुलगी थापते तेव्हा तळायला मी उभा राहतो. हात भाजतो, वडे एकसारखे होत नाहीत, पण पहिला फुगलेला वडा ती खाते.

आता माझ्या वयाला डॉक्टर तळलेलं कमी करा म्हणतात, आणि ते बरोबरच सांगतात. वडे पूर्वीही रोज नव्हते. ते तसेच, कारणाकारणानं असावेत. पण त्यांचं माप हरवू देऊ नये. हे माप बहुतेक घरांत कुठं लिहिलेलं नसतं. ते कुणाच्या तरी आईच्या, काकीच्या, भाभीच्या मुठीत असतं, आणि प्रत्येक मूठ वेगळी असते. ज्यांच्या घरी अशी मूठ अजून आहे त्यांनी तिच्याजवळ बसून तांदूळ किती, उडीद किती, मेथी किती हे एका कागदावर उतरवून घ्यावं. कागदावर वर तिचं नाव लिहावं. आणि जमलं तर शेजारच्या घरचं मापही विचारून त्याच कागदावर खाली लिहून ठेवावं.